दाऊदकाकांची डबल बेल

दाऊद तायडे हा माणूस नेमका कोणाचा, हे ठरवताना खामगावच्या लोकांची फार धांदल उडे. पहिलं नाव ऐकून त्यांना मुसलमान समजत, आडनाव ऐकून बौद्ध, आणि रविवारी सकाळी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ते चर्चकडे निघालेले दिसले की विचारणारा स्वतःवरच चिडे. काकांना थेट विचारलं तर उत्तर ठरलेलं होतं.

"मी कंडक्टर आहो."

एस.टी.तून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. पण त्यांच्या मते निवृत्त होतात ते साहेब लोक. कंडक्टरची फक्त बॅग जमा होते.

माझं घर चर्चच्या आवाराला लागून. मधे एक भिंत आहे आणि भिंतीत एक खिंडार आहे, जे बुजवण्याचा ठराव चर्चच्या पंचकमिटीत दरवर्षी एकमताने मंजूर होतो. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. सगळ्या धर्मांची पुस्तकं क्रमांक लावून फळीवर मांडण्यात आयुष्य गेल्यामुळे माझं कोणत्याच धर्माशी वैर नाही आणि फार सलगीही नाही. चर्चशी माझा संबंध म्हणजे ते खिंडार आणि खिंडारातून चहाला येणारे दाऊदकाका.

बुटके, रुंद, डावा खांदा उजव्यापेक्षा उतरलेला. चामडी बॅग गेली, तिचं वजन मात्र खांद्यात राहिलं. चालायचे पाय फाकवून, जणू पुढच्या क्षणाला पृथ्वी वळण घेणार आहे. उपासनेला ते कधी बाकावर बसत नसत. सगळ्यात मागे, दाराजवळच्या खांबाला पाठ लावून उभे राहत. "उभ्यानं सारे पॅसेंजर दिसतात," म्हणायचे.

तिथे उभं राहून ते एक काम करीत, जे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं आणि कोणी थांबवूही शकलं नव्हतं. प्रवचन लांबलं की शेवटच्या बाकाच्या पाठीवर बोटाच्या पेराने एकदा टक् करायचं. सिंगल बेल. म्हणजे गाडी थांबवा. तरुण पाळकसाहेब सुरुवातीला रागावले, मग वाक्य आवरायला शिकले. ते थांबले की काका दोनदा टकटक करीत. डबल बेल. म्हणजे चला. मंडळी शेवटच्या प्रार्थनेला उभी राहत. या पद्धतीला बायबलात आधार नव्हता, पण स्वयंपाक गॅसवर ठेवून आलेल्या बायांचा भक्कम आधार होता.

एका नाताळाच्या कार्यक्रमाला पंचकमिटीने एक पुढारी आणले. पुढाऱ्यांनी येशूचं चरित्र सुरू केलं, ते लवकरच स्वतःच्या चरित्रावर आले, आणि तिथे रमले. काकांनी सिंगल बेल दिली. पुढाऱ्यांना एस.टी.चा सराव नसावा. "म्हणून शेवटी मी एवढंच म्हणेन" असं ते तिसऱ्यांदा म्हणाले, तेव्हा काकांनी दोनदा टकटक केलं. अख्खी मंडळी सवयीने उभी राहिली आणि डोळे मिटले. पाळकसाहेबांचा हात आशीर्वादासाठी आपोआप वर गेला. पुढाऱ्यांना वाटलं हा आपला सन्मान आहे. त्यांनी हात जोडले आणि खाली उतरले.

आता काकांच्या खऱ्या उद्योगाकडे येतो.

निवृत्तीनंतर काका रोज सकाळी स्टँडवर जाऊन बसत. जुन्या माणसाला नदीवर जायची सवय असते तसं. तिथे त्यांच्या लक्षात आलं की संग्रामपूरकडून येणाऱ्या गाडीतून काही माणसं दवाखान्याची फाइल घातलेली कॅरीबॅग हातात धरून उतरतात आणि फलाटावर हरवल्यासारखी उभी राहतात. तिकडच्या पट्ट्यात पाणी खारं, किडनीचे पेशंट पुष्कळ. त्यांना पुढे अकोल्याला मोठ्या दवाखान्यात जायचं असे. डायलिसिसची तारीख मिळालेली असे, औषधं मिळत. मिळत नसे ते माणूस. घरचा एक जण सोबत यायचा म्हणजे त्याचा रोज बुडे; दोन-चार महिन्यांनी तोही यायचा बंद होई.

काका रविवारी चर्चमध्ये पहिल्यांदा खांब सोडून पुढे आले. म्हणाले, "मले पैसे नको. मले माणसं पाहिजे. ज्याले आठवड्यातून एक दिवस बसमधी बसता येते, तो माणूस पाहिजे."

पंचकमिटीने यासाठी उपसमिती नेमायची तयारी दाखवली. त्या आधीच एक निवृत्त नर्सबाई, एक शिंपी आणि शाळेतल्या दोन शिक्षिका उठून उभ्या राहिल्या, त्यामुळे उपसमिती राहून गेली. चर्चच्या इतिहासात इतक्या कमी कागदावर इतकं काम दुसरं झालेलं नसावं. या कामाला नावही नव्हतं. लोक नुसतं 'सोबत' म्हणत. "आज कोणाची सोबत?" "आज शिंपीभाऊची."

सोबतीचे काकांनी घातलेले नियम होते. पेशंटला सल्ला द्यायचा नाही. आपल्या नातेवाइकाला हाच आजार होता आणि तो कसा गेला, हे सांगायचं नाही. धर्माची पत्रकं वाटायची नाहीत. पाळकसाहेबांनी एकदा सुचवलं होतं की प्रवासात दोन शब्द वचनाचे बोलायला काय हरकत आहे, तर काका म्हणाले, "साहेब, कंडक्टरनं सीट पाहावी. रस्ता ड्रायव्हर पाहते." आणि शेवटचा नियम: चहा आपापला.

या नियमावर मी त्यांच्याशी वाद घातला. गरीब आजारी माणसाला चहा पाजू नये, हा कसला सेवाभाव? काका बशीत ओतलेला माझा चहा पीत म्हणाले, "सर, ज्याचा चहा पेला त्याले शिव्या देता येते काय? नाई येत. अन् दवाखान्यात जानाऱ्या मानसाले शिव्या द्याले कोनीतरी पाहिजे. घरच्याले देता येत नाई, डाक्टरले देता येत नाई. मंग मले देतात. मी त्याच्यासाठीच जातो."

हे त्यांनी जितक्या सहज सांगितलं, तितक्या सहज मला ते पचलं नाही. मी आयुष्यभर सेवेवरची पुस्तकं फळीवर लावली होती. शिव्या खाण्याचा कप्पा त्यात कुठे नव्हता.

आता दस्तीबद्दल. आमच्याकडे हातरुमालाला दस्ती म्हणतात, आणि ती तोंड पुसायला कमी, बसमधली जागा धरायला जास्त लागते. गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून दस्ती आत टाकायची. ती ज्या सीटवर पडेल ती सीट आपली. हा कायदा कुठे लिहिलेला नाही, पण मोडणाऱ्याला गाव मोडतं. दाऊदकाका या कायद्याचे जन्माचे वैरी. नोकरीत होते तेव्हा गाडीत चढले की पहिलं काम सीटवरच्या दस्त्या, दुपट्टे, टोप्या गोळा करून खिडकीबाहेर फेकायच्या. "दस्तीचं तिकीट काढलं काय बे? नाई ना? मंग उतरव तिले!" एकदा एका नवरदेवाचा फेटा त्यांनी असा उतरवला होता, असं म्हणतात. काका हे नाकारत नसत. फक्त "तो फेटा नोता, उपरणं होतं," एवढी दुरुस्ती करत.

तोच माणूस निवृत्तीनंतर अकोला गाडीच्या मागे पळत खिडकीतून दस्ती टाकताना अख्ख्या स्टँडने पाहिला. दस्तीच्या टोकाला गाठ मारून आत एक लिमलेटची गोळी घातलेली असे, वजनासाठी. नेम असा की दाराजवळची, चाकावर न येणारी, खिडकीकडची सीट. जुने सहकारी ओरडत, "काय दाऊदभाऊ, दस्तीचं तिकीट काढलं काय?" काका पळता पळता हात उंचावत. लाजत मुळीच नसत. सीट मिळाली की गोळी सोडून पेशंटला देत. चहा आपापला, पण लिमलेट काकांची.

या सीटवर मंगळवारी आणि शुक्रवारी पारबताबाई बसत. संग्रामपूरजवळच्या एका खेड्यातल्या. साठी उलटलेली, अंगाने काडी, जिभेने कुऱ्हाड. मुलगा सुरतेला, सून लेकरांत अडकलेली. डायलिसिस सुरू झालं तेव्हा त्या एकट्या जात. एकदा कंटाळून गेल्या नाहीत, तर दोन खेपा चुकल्यावर अंग सुजून, श्वास लागून त्यांना आणावं लागलं होतं. पुन्हा असं झालं तर निभावणं कठीण, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. हे पारबताबाईंना माहीत होतं आणि काकांनाही. त्यावर दोघं कधी बोलत नसत. भांडत मात्र अखंड.

"कंडक्टर, मागच्या खेपेले उन्हाची बाजू दिली मले."

"सूर्य मी फिरवला काय, बाई?"

"मंग गाडी फिरवाची होती!"

एका शुक्रवारी संग्रामपूरच्या गाडीतून पारबताबाईंच्या गावचा एक तरुण त्यांच्या मागोमाग उतरला. कपाळावरच्या टिळ्यात आणि आवाजात ठळकपणा. त्याने काकांना अडवलं. "तुम्ही चर्चवाले ना? हे फुकट सोबत-बिबत काऊन करून राह्यले? लोकायले बाटवाले?"

फलाटावर लोक थांबले. काका काही बोलण्याआधी पारबताबाई मधे आल्या.

"अरे बापा," त्या म्हणाल्या, "इतक्या वर्सापासून याच्यासंगं जाऊन राह्यली मी. यानं अजून मले अर्धा कप चहा नाई पाजला. हा मले धरम काय देईन?"

हसण्याची एक लाट फलाटभर गेली. तरुणही हसला, मग आपण हसायला नको होतं हे आठवून निघून गेला. संध्याकाळी काका खिंडारातून आले आणि म्हणाले, "सर, चहाचा नियम बराबर होता, नाई?"

'सोबत'चं नाव झालं, तसं तिच्यावर संकट आलं. म्हणजे दानशूर आले. गावातल्या एका मोठ्या व्यापाऱ्यांनी, त्यांना सगळे शेठ म्हणतात, वडिलांच्या स्मरणार्थ चर्चला एक व्हॅन द्यायचं ठरवलं. पेशंटला बसचे धक्के कशाला? हेतू चांगला होता, हे मी मान्य करतो. वाईट हेतूने इतका खर्च कोणी करत नाही. व्हॅन पांढरीशुभ्र आली. दारावर काळा क्रूस. दोन्ही बाजूंना, लांबून वाचता येईल अशा काळ्या अक्षरांत 'कै.' आणि पुढे शेठच्या वडिलांचं पूर्ण नाव. खाली बारीक अक्षरांत 'रुग्णसेवेसाठी सप्रेम'. उद्घाटनाच्या दिवशी टपापासून चाकापर्यंत झेंडूच्या माळा सोडल्या. मंडप होता, माइक होता, आणि पहिल्या पेशंट म्हणून पारबताबाईंना खास आणलं होतं, फोटोसाठी.

पारबताबाईंनी व्हॅनला एक चक्कर मारली. पांढरा रंग पाहिला. माळा पाहिल्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पण शेजारच्या मुलीकडून त्यांनी 'कै.' म्हणजे काय ते समजून घेतलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "हे गाडी चांगली हाये. पन याच्यात मी मेल्यावरच बसन."

माइक चालू होता.

त्या दिवसापासून एकही पेशंट त्या व्हॅनमध्ये बसला नाही. संग्रामपुरापर्यंत बातमी गेली की खामगावच्या चर्चची मुडद्याची गाडी आली आहे आणि ती माणसं जिवंतपणीच गोळा करते. पंचकमिटीने अक्षरं बदलायचा विचार केला, पण शेठना विचारायचं कोणी, यावर बैठक संपली. व्हॅन चर्चच्या आवारातल्या निंबाखाली उभी राहिली. नाताळात खुर्च्या आणायला कामी येई. दाऊदकाका येता-जाता तिच्या पत्र्यावर थाप मारत, "बस बाई, आराम कर. तुलेही पॅसेंजर भेटन एखादा."

मागच्या पावसाळ्यानंतर काकांच्या छातीत दुखलं. डॉक्टरांनी बसचा प्रवास बंद केला. तो मंगळवार होता आणि काका दवाखान्यात पडून होते, म्हणून मी पहिल्यांदा सोबतीला गेलो. काकांनी पलंगावरून गाठ मारलेली दस्ती माझ्या हातात दिली. वाटेत कुठे काय करायचं, हे सांगायची त्यांना गरज वाटली नाही. शिकलेला माणूस, बसमध्ये बसवून आणणार, त्यात काय.

मी दस्ती टाकली. नेमही बरा लागला. पारबताबाईंना हाताला धरून चढवू लागलो, तर त्यांनी दांडा धरला आणि थांबल्या. दाराशी उभ्या कंडक्टरला विचारलं, "कोठची रे?"

"मेहकर."

पारबताबाई माझ्याकडे वळल्या. मी ग्रंथपाल होतो हे त्यांना कधी पटलं नाही. त्या मला मास्तरच म्हणत. "मास्तर," त्या म्हणाल्या, "मेहकरले देऊळ हाये म्हनतात लय जुनं. पाहून येऊ काय?"

दस्ती मेहकरला गेली. अकोल्यापर्यंत आम्ही उभे गेलो; म्हणजे मी. त्यांना एका मुलीने जागा दिली. परतीच्या वाटेवर त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. शिव्यासुद्धा दिल्या नाहीत, तेव्हा मला काळजी वाटली.

शुक्रवारी त्या संग्रामपूरच्या गाडीतून उतरल्या त्या थेट रिक्षा करून काकांच्या घरी. काका आदल्या दिवशीच घरी आले होते. मी मागोमाग पोचलो. पारबताबाई उंबऱ्यावरच बसल्या.

"मी आता जात नाई," त्या म्हणाल्या. "लय झालं. तुमचं बंद, माझंही बंद."

"माझा प्रवास बंद आहे," काका म्हणाले. "तुमचा काऊन?"

"त्या मशीनीपाशी चार घंटे पडाचं, अन् भांडाले कोनी नाई. हे मास्तर चांगले हायेत, पन यायले काई म्हनलं की 'हो हो' म्हनतात. मानूस भांडन कोनासंग?"

काकांनी चपला मागवल्या. घरचे ओरडले, मी ओरडलो. काका म्हणाले, "बसमधी नाई बसत. फलाटापर्यंत त डाक्टरची हद्द नाई ना?" आणि पारबताबाईंना म्हणाले, "उठा, बाई. स्टँडवर चाला. जाताना भांडा, आल्यावर भांडा. मधातलं साठवून ठेवा."

त्या मुळीच हसल्या नाहीत. पण उठल्या.

तेव्हापासून तशीच पद्धत पडली. मंगळवार-शुक्रवार काका काठी टेकत स्टँडवर येत. आता पळणं नव्हतं, तर मला पळवत. "सर, तिसरी खिडकी! अहो, दस्ती टाका, फूल नाई वाहाचं!" आम्ही बसलो की कंडक्टर अजून खाली तंबाखू मळत असला तरी काका काठीने पत्र्यावर दोनदा ठोकत. ड्रायव्हर जुने असले तर मागे न पाहता गाडी काढत आणि कंडक्टर तंबाखू टाकून धावे. पारबताबाई खिडकीतून डोकं काढून म्हणत, "कंडक्टर, घरी जाऊन गुमान पडजा!" संध्याकाळी परत येऊ तेव्हा काका त्याच फलाटावर, त्याच बाकावर. घरी गेले होते की नाही, हे कधी कळलं नाही. साठवलेलं भांडण तिथे चुकतं होई, मग संग्रामपूरच्या गाडीत दस्ती.

थंडी सुरू झाली तेव्हा एका गुरुवारी पहाटे दाऊदकाका झोपेतच गेले. दफन शुक्रवारी सकाळी ठरलं.

शुक्रवारी मी स्टँडवर गेलो, कारण कोणीतरी जायला हवं होतं. पारबताबाई उतरल्या. बाकाकडे पाहिलं. "कुठी हाये? झोपला काय अजून?"

मला 'हो' म्हणायची सवय होती, तीही त्या दिवशी कामाला आली नाही. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, पदर डोक्यावर घट्ट ओढला आणि म्हणाल्या, "रिक्षा पाहा."

चर्चसमोर सगळी मंडळी उभी होती. उपासना झाली होती. पेटी व्हॅनमध्ये ठेवली होती, त्याच पांढऱ्या व्हॅनमध्ये. दफनभूमी गावाबाहेर आहे आणि दुसरी गाडी नव्हती. माळा या वेळी शेवंतीच्या होत्या. स्टँडवरचे जुने ड्रायव्हर, कंडक्टर खाकी कपड्यांत एका बाजूला होते. 'सोबत'मधले शिंपीभाऊ, नर्सबाई, शिक्षिका. सगळे थांबले होते. कशासाठी, ते मी विचारलं. शेठ यायचे होते. त्यांना दोन शब्द बोलायचे होते. निंबाखाली माइक लावला होता. निघालेच आहेत, असा फोन येऊन बराच वेळ झाला होता. पाळकसाहेब पंचकमिटीकडे पाहत होते, पंचकमिटी रस्त्याकडे.

पारबताबाई गर्दीतून पुढे गेल्या. कोणी अडवलं नाही. व्हॅनचं मागचं दार लावलेलं होतं. त्या काचेतून आत पाहत उभ्या राहिल्या. त्यांना भांडायचं असावं. ओठ हलत होते. मग त्यांनी स्टँडच्या दिशेला पाहिलं. अकोल्याची गाडी लागायची वेळ झाली होती.

त्यांनी हाताची मूठ वळली आणि पत्र्यावर दोनदा ठोकलं.

ड्रायव्हर चर्चचाच होता, दर रविवारी ती टकटक ऐकत वाढलेला. त्याने मागे पाहिलं नाही. गाडी सुरू झाली, निंबाखालून वळली, आणि मंडळी कोणीही न सांगता तिच्यामागे चालू लागली. खाकी कपडे, पांढरे शर्ट, नर्सबाईंची छत्री. माइकजवळ पंचकमिटीचे अध्यक्ष तेवढे उरले. फाटकातून बाहेर पडताना व्हॅन खड्ड्यात उतरून डावीकडे जराशी कलली, काकांच्या खांद्यासारखी, आणि रस्त्याला लागली.

मी तिच्यामागे दोन पावलं टाकली असतील. पाठीमागून माझी बाही ओढली गेली.

"तुमी कुठी चालले?" पारबताबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे वाहत होते आणि आवाज कुऱ्हाडीसारखा होता. "त्याची गाडी लागली, आपली चुकन ना. दस्ती आनली काय? चाला मंग. अन् टाकाच्या आधी पाटी वाचजा, मास्तर."